मोजून ठेवलेलं गाव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलंय, "तू युरोपला जाऊन आलास, त्याबद्दल थोडं बोल. पण फोटो दाखवत बसू नकोस, मागे भाकऱ्या गार होतात." तेव्हा फोटो नाहीत. आणि दहा दिवसांत सात देश असं काही मी केलेलंही नाही. मुलगी नोकरीसाठी पोलंडमध्ये, वॉर्सात असते. तिच्याकडे आम्ही दोघं सहा आठवडे राहिलो. त्यातले निम्मे दिवस मी एकाच ठिकाणी फिरत होतो, वॉर्साच्या जुन्या गावात. पोलिश भाषेत त्याला 'स्तारे मियास्तो' म्हणतात. स्तारे म्हणजे जुनं, मियास्तो म्हणजे शहर.

सकाळी मुलगी कामाला गेली की मी ट्रामने निघायचो आणि किल्ल्यासमोरच्या चौकात उतरायचो. चौकाच्या मधोमध एक उंच खांब आहे. वर राजा तिसरा झिग्मुंट, एका हातात क्रूस आणि दुसऱ्यात तलवार घेऊन उभा. राजधानी क्राकूफहून वॉर्साला आणली ती यानेच. खांब त्याच्या मुलाने १६४४ साली उभारला. तिथून एक अरुंद गल्ली आत जाते, श्वेन्तोयान्स्का, म्हणजे संत जॉनची गल्ली. डाव्या-उजव्या हाताला तीनमजली, चारमजली घरं, एकाला एक चिकटलेली. कुणी पिवळं, कुणी विटकरी, कुणी फिकट हिरवं. पुढे गेलं की एकदम मोकळा चौक लागतो, तो जुना बाजार. त्याच्या मधोमध जलपरीचा पुतळा, हातात ढाल-तलवार. ही त्या शहराची खूण आहे.

पहिल्या दिवशी आमची ही बरोबर होती. चौकात उभं राहून म्हणाली, "अहो, ही तर आपली पेठच की! खाली दुकान, वर घर." खरं होतं ते. महाद्वार रोडवर वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

पण माझी नजर पडली बांधकाम खात्याची. चौतीस वर्षं नोकरी केली. घराकडे बघितलं की आधी भिंत ओळंब्यात आहे का ते दिसतं. आणि मला खटकायला लागलं. चारशे वर्षांच्या घराची भिंत कुठेतरी पोट काढते, चौकट तिरकी होते, एखादा मजला खचतो. इथे सगळं सरळ. शेजारशेजारच्या घरांचे मजले नीट एका पातळीला. बोळातून आत डोकावलं तर मागे ऐसपैस मोकळी अंगणं. दाट पेठेत एवढी मोकळी जागा कुणी ठेवत नाही.

संध्याकाळी मुलीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, ते सगळं १९५३चं आहे."

आपण सगळे १९६२च्या आसपासचे. म्हणजे युरोपातलं हे प्रसिद्ध जुनं गाव आपल्यापेक्षा जेमतेम नऊ वर्षांनी मोठं. समोर बसलेले आपले सर आणि बाई तर त्याच्याहून वयाने मोठे आहेत!

दुसऱ्या दिवसापासून मी त्या गल्ल्या पुन्हा नव्याने चाललो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

१ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. त्या महिन्यातच बॉम्बने राजवाडा पेटला. पुढे पाच वर्षं जर्मन ताबा. १ ऑगस्ट १९४४ला वॉर्साच्या लोकांनी उठाव केला. तो ६३ दिवस चालला. जुन्या गावातले लढवय्ये सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकले. मग सुमारे पाच हजार माणसं, कित्येक जखमी, गटारांच्या भुयारांतून रांगत बाहेर पडली. उठावात दीड ते दोन लाख सामान्य नागरिक मेले. उठाव मोडल्यावर उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढलं आणि जर्मन पथकांनी घर-घर, इमारत-इमारत ठरवून जाळली, सुरुंग लावून उडवली. राजवाड्याच्या भिंतींना सुरुंगांसाठी आधीच हजारो भोकं पाडून ठेवलेली होती. लढाईत घर पडणं वेगळं आणि लढाई संपल्यावर यादी करून पाडणं वेगळं. जानेवारी १९४५मध्ये लोक परत यायला लागले तेव्हा जुन्या गावात विटांचे ढीग होते. चौकातला तो झिग्मुंटचा खांबही रणगाड्याच्या माऱ्याने कोसळलेला. वरचा पुतळा तेवढा वाचला. तो १९४९मध्ये नव्या खांबावर चढवला. जुन्या खांबाचे तुकडे राजवाड्याच्या कडेला गवतावर ठेवलेत. मी तिथे रोज बसायचो.

आता तुम्ही विचाराल, ढिगातून तेच गाव परत कसं उभं राहिलं? कुठली खिडकी कुठे होती, कमान किती रुंद होती, हे कुणाच्या लक्षात राहतं? आपल्याला आपल्या वर्गाला खिडक्या किती होत्या ते सांगता येईल का? मनात मोजून बघा. चार? पाच?

एक आधार होता चित्रांचा. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार पोलंडच्या शेवटच्या राजाच्या दरबारी होता. लोक त्यालाही कानालेत्तोच म्हणत. त्याने वॉर्साच्या रस्त्यांची मोठाली चित्रं इतक्या बारकाईने काढली की खिडकीच्या वरची नक्षीसुद्धा दिसते. युद्धात ती चित्रं जर्मनांनी नेली होती, नंतर परत मिळाली. त्यावरून राजवाड्याकडून निघणाऱ्या मोठ्या रस्त्यावरच्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या.

दुसरा आधार ऐकला आणि मी तिथंच थबकलो. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकलेचा विभाग होता. तिथले प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की युद्धाच्या कितीतरी आधीपासून विद्यार्थ्यांना पाठवायचे: जा, टेप घ्या, जुन्या इमारती मोजा, नकाशे काढा. दर वर्षी नवी मुलं, नव्या इमारती. त्या मुलांना तो गृहपाठच वाटत असणार. सगळ्यांनी काही मन लावून केला नसेल. मुलं ती मुलंच. पण कागद साठत गेले. सप्टेंबर १९३९मध्ये वॉर्साला वेढा पडला तेव्हा सोस्नोव्स्की विद्यापीठाच्या आवारातच जखमी होऊन गेले.

त्यानंतर जर्मनांनी पोलिश विद्यापीठं बंद केली. वर्ग चोरून चालायचे. मोजमापं चोरून चालायची. उठाव मोडल्यावर रिकाम्या शहरात काही मोजक्या जाणकारांना वस्तू बाहेर काढण्यासाठी जाता येत होतं. यान झाखवातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संधी साधली, नकाशांच्या गुंडाळ्या गाडीत घातल्या आणि प्योत्रकूफ नावाच्या गावी एका मठात लपवल्या. लोक जीव, दागिने, धान्य वाचवत होते तेव्हा या मास्तरांनी मुलांचे गृहपाठ वाचवले. युद्ध संपल्यावर हेच झाखवातोविच देशाचे मुख्य स्मारकरक्षक झाले आणि जुनं गाव पुन्हा बांधायचंच, असा आग्रह त्यांनीच धरला. युद्धात वारसास्थळांवर हल्ला करू नये म्हणून जी निळ्या ढालीची आंतरराष्ट्रीय खूण लावतात, तिची आकृतीही यांचीच.

विटा ढिगातून निवडल्या, साफ केल्या, परत वापरल्या. लोकांनी रविवारी येऊन राडारोडा उपसला. जुलै १९५३मध्ये बाजाराचा चौक तयार झाला. राजवाड्याला मात्र सरकार हात लावेना. त्याचा निर्णय १९७१मध्ये झाला, आणि तो उभा राहिला लोकांच्या वर्गणीतून. १७ सप्टेंबर १९३९ला मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाअकराला थांबलं होतं. जुलै १९७४मध्ये ते परत चालू केलं, बरोबर सव्वाअकराला.

आता चर्चबद्दल. जुन्या गावात पावलोपावली चर्च आहे. मी काही ख्रिस्ती नाही, पण रोज कुठल्यातरी चर्चमध्ये मागच्या बाकावर अर्धा तास बसायचो. तिथे मला कळलं की एकच प्रश्न तीन चर्चनी तीन तऱ्हांनी सोडवलाय.

पहिलं संत जॉनचं मोठं चर्च, म्हणजे कॅथीड्रल. मूळ चौदाव्या शतकातलं, विटांचं. ३ मे १७९१ची राज्यघटना मंजूर झाली, त्याच दिवशी तिची शपथ इथे घेतली. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी त्याचं तोंड बदलून इंग्रजी धाटणीचं केलं होतं. युद्धात ते जवळजवळ भुईसपाट झालं. परत बांधताना झाखवातोविच यांनी ते इंग्रजी तोंड परत केलंच नाही. त्या भागातली जुनी गॉथिक चर्च जशी असत, तसं साधं, उंच, विटांचं तोंड केलं. म्हणजे इथे आठवण जशीच्या तशी उतरवली नाही, दुरुस्त केली. बाहेरच्या भिंतीत मात्र एका जर्मन सुरुंगगाडीच्या लोखंडी पट्ट्याचा तुकडा तसाच बसवलाय. आत लाकडाचा एक जुना क्रूस आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यावरच्या येशूच्या डोक्याला खरे केस आहेत. चर्च पेटलं असताना एका धर्मगुरूने आणि परिचारिकांनी तो बाहेर काढला.

दुसरं पिवना गल्लीतलं संत मार्टिनचं चर्च. बाहेरून छोटं, आत शांत, जोगिणींच्या मठाचं. तिथे एका खांबावर जळलेला क्रूस आहे. येशूचं डोकं आणि छातीचा थोडा भाग तेवढा उरलाय, काळाठिक्कर. बाकीचा देह नव्याने कोरला नाही. जे जळून गेलं त्याची फक्त कडा तारेने दाखवलीय. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. आमची हीसुद्धा बसली, आणि बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. हे किती दुर्मीळ ते तुम्हाला माहीत आहे.

तिसरं संत काझिमिरचं, जुन्या गावाला लागून असलेल्या नव्या गावाच्या चौकात. 'नवं' म्हणजे तेही सहाशे वर्षांचं! पांढरंशुभ्र, घुमटाचं, राणी मारिशेन्काने जोगिणींसाठी बांधलेलं. उठावात या जोगिणींनी दारं उघडली आणि लोकांना आसरा दिला. ३१ ऑगस्ट १९४४ला त्यावर बॉम्ब पडले. सुमारे हजार माणसं आत गाडली गेली. त्यात ३५ जोगिणी होत्या. आज ते बाहेरून इतकं स्वच्छ आणि देखणं आहे की काही घडलंय असं वाटतच नाही. मला ते जरा अस्वस्थच करून गेलं.

कारण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. जावई तिथलाच, पोलिश. तो म्हणाला, "पप्पा, आम्ही शाळेत फक्त अर्धी गोष्ट शिकलो." वॉर्साला विटा पुरवायला दुसऱ्या शहरांतल्या जुन्या इमारतीही पाडल्या गेल्या. व्रोत्स्वाफसारख्या, युद्धानंतर पोलंडला मिळालेल्या जर्मन शहरांतून गाड्या भरून विटा आल्या. आणि जुन्या गावापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मुरानूफ नावाचा भाग आहे. तिथे ज्यूंची दाट वस्ती होती, मग जर्मनांनी तिथे बंदिस्त घेट्टो केला. तो सगळा पाडला. त्या गल्ल्या कुणी परत बांधल्या नाहीत. राडारोड्याच्या ढिगांवरच, त्याच्याच विटा भरडून, कामगारांसाठी नव्या चाळी उभ्या केल्या. जवळच्या मोठ्या सिनेगॉगच्या जागी आता काचेचा उंच मनोरा आहे. त्या वस्तीतली माणसंच उरली नव्हती. आमची गल्ली परत हवी, असं म्हणणारं कोण होतं?

म्हणून 'खोटं गाव, नाटकाचा पडदा' असं कुणी जुन्या गावाला म्हटलं तर मी भांडत नाही. युनेस्कोने १९८०मध्ये त्याला जागतिक वारशात घेतलं, ते जुनं म्हणून नाही. इतक्या नेटाने परत बांधलं म्हणून. पण नकाशे नसते तर बांधायचं की नाही हा वादसुद्धा घालता आला नसता.

आपल्या भागाचं या देशाशी एक नातं आहे, ते तुमच्यातल्या वळिवड्याच्या मंडळींना सांगायला नको. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती वॉर्साची नव्हती. रशियाने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलेली आणि तिथून फिरत फिरत आपल्या पंचगंगेकाठी आलेली. माझी आजी सांगायची, "त्या गोऱ्या बाया बाजारात हातवारे करून भाव करायच्या, आणि आपल्यापेक्षा पक्क्या होत्या." छावणीत त्यांनी चर्च बांधलं, शाळा चालवल्या. त्यातल्या बहुतेकांची गावं युद्धानंतर पोलंडच्या हद्दीतच राहिली नाहीत. परत कुठे जायचं? वॉर्सात वळिवड्याच्या छावणीचं स्मारक आहे. त्यावर कोल्हापूरचं नाव परक्या लिपीत वाचताना मला एकदम आपल्या शाळेचा पत्ता आठवला.

आणि म्हणून आता शाळेकडे येतो.

तुम्हाला माहीत आहे, आपली जुनी दगडी इमारत येत्या उन्हाळ्यात पाडणार आहेत. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर त्यावरून बरीच वादावादी झाली. काहींनी लिहिलं, मोर्चा काढू. मी इंजिनियर म्हणून सगळी इमारत बघून आलो. वरच्या तुळया वाळवीने पोखरल्यात. मागची भिंत पावसाळ्यात पाणी पिते. तिथे मुलं बसवायला मी तरी सही करणार नाही. संस्थेचा निर्णय मला दुखतो, पण तो बरोबर आहे.

मग आपण काय करायचं? मला आठवी 'ब'चा एक दिवस आठवतो. चित्रकलेच्या सरांनी सगळ्या वर्गाला बाहेर काढलं, सुतळीला गाठी मारून दिल्या आणि म्हणाले, "वऱ्हांडा मोजा." पाच-पाचचे गट केले. आमच्या गटाचा वऱ्हांडा इतरांपेक्षा चार फूट लांब निघाला. कारण मी गाठी मोजताना बडबड करत होतो. सरांनी वही परत दिली आणि म्हणाले, "शाळा वाढली का रे रात्रीत?" सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला आठवत नसेल. पुढे चौतीस वर्षं मी प्रत्येक माप दोनदा घेतलं, ते त्या दिवसामुळे.

ती वही माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असेल तर कृपा करून शोधा. चुकीच्या मापाची असली तरी चालेल.

उद्या सकाळी आठ वाजता मी शाळेत असेन. पाच टेप आणल्यात, एक लेझरचा आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतलीय. वर्ग, जिने, घंटेची चौकट, विहिरीचा काठ, कौलांचा उतार, सगळं मोजायचंय. ज्यांना खाली वाकता येत नाही त्यांनी वहीत लिहून घ्यायचं. ज्यांना लिहायलाही नको वाटतं त्यांनी सांगायचं: कोणता वर्ग कुठे भरायचा, पाण्याचा हौद कुठे होता, मुलींची खोली कुठली. मुलींनी यावंच, कारण त्या खोलीत आम्ही मुलं कधी गेलोच नाही, आणि ती नकाशात रिकामी राहू नये. सर, बाई, तुमच्यासाठी वऱ्हांड्यात खुर्च्या टाकतो. चुकलं की ओरडा.

हे नकाशे घेऊन कुणी ही शाळा परत बांधणार नाही, याची मला कल्पना आहे. नवी इमारत चांगली होईल, होऊ दे. पण तिच्यातल्या एखाद्या पोराने विचारलं, "इथे आधी काय होतं?" तर त्याला दाखवायला एक कागद असावा, आणि त्यावरचा वऱ्हांडा बरोबर लांबीचा असावा.

सर, सकाळी वऱ्हांडा मीच मोजणार आहे. या वेळी बडबड करणार नाही.